तीन नंबरचा वॉल्व्ह

फौजेच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनात, सव्वीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. डोंबिवलीत घर होतं, मुलीचं लग्न झालेलं होतं. काही महिने मी नुसता बसून काढले. मग माजी सैनिकांच्या कोट्यातून पाणीपुरवठ्याच्या एका सरकारी खात्यात कंत्राटी जागा मिळाली. पोस्टिंग मोहन्याच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावरच्या एका पंपहाऊसवर. पोस्टिंग हा माझा शब्द. खात्यात नेमणूक म्हणतात.

पंपहाऊस कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर कंट्रोल रूम. तिच्याखाली मोटर हॉल, त्यात तीन मोठ्या मोटरी. आणि हॉलच्या खाली विहिरीसारखा खोल काँक्रीटचा खड्डा. त्याला आम्ही पिट म्हणायचो. पंप आणि वॉल्व्ह त्या पिटमध्ये. नदीचं पाणी जाड पाइपांतून पंपांत येतं आणि पुढे शुद्धीकरणाला जातं. पिट मात्र कोरडा असला पाहिजे. तो भरला आणि पाणी मोटरींपर्यंत चढलं, की काही आठवडे स्टेशन बंद आणि कित्येक लाख लोकांचे नळ बंद.

पंप आणि वॉल्व्ह चालायचे कंट्रोल रूममधल्या एका कॉम्प्युटरवरून. तो कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम.

फौजेत शेवटची काही वर्षं मी हेच काम केलेलं. तिथे आमच्या कॉम्प्युटरांवर व्हाइटलिस्टिंग होतं. म्हणजे मंजूर प्रोग्रामांची एक यादी असते. यादीतला प्रोग्राम चालतो, बाकी काहीही चालत नाही. अँटिव्हायरस म्हणजे माहीत असलेल्या चोरांचे फोटो घेऊन गेटवर उभा असलेला संत्री. नवा चोर त्याच्यासमोरून आत जातो. व्हाइटलिस्टिंगचा संत्री चोर ओळखत बसत नाही. तो फक्त विचारतो, यादीत नाव आहे का? एकदा एका मेजर साहेबांनी मेसच्या कार्यक्रमाचे फोटो दाखवायला पेन ड्राइव्ह लावला. फोटोंच्या मागून एक प्रोग्राम चालू होऊ बघत होता. यादीत नव्हता, अडला. साहेब माझ्यावर चिडले. तपासणीत तो हेरगिरीचा प्रोग्राम निघाला, तेव्हा स्वतः मला चहाला बोलावलं.

पंपहाऊसवर हीच व्यवस्था होती. नवा प्रोग्राम मंजूर करायचा अधिकार फक्त ठाण्याच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला. अगदी अडचणीच्या वेळी यादीच बंद करता यायची, पण तो पासवर्ड दोन अर्ध्या भागांत होता. एक अर्धा माझ्याकडे सीलबंद पाकिटात. दुसरा गोखले मॅडमकडे.

सायली गोखले आमच्या ज्युनिअर इंजिनिअर. नौपाड्यात राहायच्या. वय तिशीच्या आसपास. स्टेशन त्यांच्या कमांडखाली होतं, मी त्यांचा ज्युनिअर. फौजेत मी याहून तरुण लेफ्टनंटना सॅल्यूट केलाय, त्यामुळे मला त्यात अडचण नव्हती. त्यांना सुरुवातीला होती. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो की त्या म्हणायच्या, "कदम साहेब, प्लीज बसा हो." वर्षभराने त्यांनी सांगणं सोडलं.

गेटवर बाळाराम म्हात्रे. सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला, हवालदार म्हणून रिटायर झालेला. गाव शीळफाट्याजवळ, आगरी घरचा. सॅपर असल्यामुळे वायर, पाइप, दोर, काहीही हातात द्या, त्याला जमायचं. नाव गार्डचं होतं, पण स्टेशनातलं निम्मं दुरुस्तीचं काम तोच करायचा. मी व्हाइटलिस्टिंग त्याला एकदा समजावलं. तो म्हणाला, "साब, यादीत नाव नाय तं गेट नाय. आमच्या गावच्या हलदीला असा गेट ठेवला असता, तं निम्मं मटन वाचलं असतं."

त्या जुलैत दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. आम्ही तिघं आदल्या दिवशीच्या पाळीला आलेलो. सकाळी आमची सुटका करणारी पाळी पोचलीच नाही. मोहन्याकडचा रस्ता पाण्याखाली गेलेला, पलीकडचा पूल पोलिसांनी बंद केलेला. पंपहाऊस उंचावर बांधलेलं असल्यामुळे आम्ही कोरडे होतो. पण चारी बाजूंनी नदी होती. दहाच्या सुमारास मोबाइलचं नेटवर्क गेलं. राहिला फक्त वायरलेस. त्यावर आमच्या स्टेशनचं नाव 'नदी'.

त्याच वेळी ठाण्याहून दुसरी बातमी आली. मुख्य कार्यालयातले कॉम्प्युटर रात्रीतून लॉक झाले होते. त्याआधी काही दिवस कुणीतरी मेलमधली फाइल उघडली होती आणि मालवेअर आत शिरून दबा धरून बसला होता. कार्यालयातल्या जुन्या मशीनवर व्हाइटलिस्टिंग अजून बसवायचं होतं. आता त्यांनी सगळ्या नेटवर्कच्या वायरी काढल्या होत्या.

"नदी, ठाणे कंट्रोल. तुमचं मशीन कसं आहे? ओव्हर."

"ठाणे, नदी. मशीन ठीक. तीनही पंप चालू. ओव्हर."

"रॉजर. बाहेरचं काहीही जोडू नका. ओव्हर."

म्हात्रेने स्टोव्हवर खिचडी टाकली. आम्ही जेवलो. मॅडम मधूनमधून खिडकीशी जाऊन पाणी बघून यायच्या. एकदा मी विचारलं, "घरी कोण आहे?"

"आई. तिला वाटत असेल मी फोन मुद्दाम उचलत नाही. काल भांडण झालं आमचं."



दुपारी दोनच्या सुमारास विजेचा जोराचा झटका आला. दिवे गेले, आले. दोन पंप पुन्हा चालू झाले. तीन नंबर झाला नाही. आणि खालून आवाज आला. फौजेत मी बरेच आवाज ऐकलेत, पण बंद इमारतीच्या पोटात पाणी घुसण्याचा आवाज वेगळा असतो. तो पायातून कळतो.

आम्ही मोटर हॉलच्या कठड्यावरून खाली टॉर्च मारला. तीन नंबर पंपाच्या नदीकडच्या पाइपाचा जॉइंट फाटला होता. पाणी फवाऱ्यासारखं पिटमध्ये येत होतं. त्या जॉइंटच्या अलीकडे, नदीच्या बाजूला, एक मोटरवर चालणारा वॉल्व्ह होता. तो बंद केला की गळती बंद.

मॅडमनी कॉम्प्युटरवरून बंदचा हुकूम दिला. वॉल्व्ह हलला नाही. पुन्हा दिला. नाही.

"झटक्यात वॉल्व्हच्या कंट्रोलरचं सेटिंग उडालंय," मॅडम म्हणाल्या. "ते परत भरायचं सॉफ्टवेअर आहे आपल्याकडे."

ते पेन ड्राइव्हवर होतं. कंपनीच्या माणसाने नवी आवृत्ती मुख्य कार्यालयात आणून दिलेली, आणि तिथून ती परवा आमच्याकडे आलेली. बाहेरचं काही जोडू नका असा हुकूम होता, तरी यादीच्या भरवशावर मी तो ड्राइव्ह लावला. स्क्रीनवर चौकट आली: हा प्रोग्राम मंजूर नाही. जुनी आवृत्ती यादीत होती, पण ती वर्षभरापूर्वी बदललेल्या कंट्रोलरला चालत नव्हती.

मी वायरलेस उचलला.

"ठाणे, नदी. पिटमध्ये पाणी शिरतंय. एक प्रोग्राम तातडीने मंजूर करून हवा. ओव्हर."

"नदी, ठाणे. सर्व्हर बंद आहे. मंजुरी शक्य नाही. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"आज नाही. ओव्हर."

मी खाली बघून आलो. पाणी गुडघ्याच्या वर गेलं होतं. उपसा करणारा छोटा पंप मागे पडत होता.

बाहेर जायला रस्ता नव्हता. कुणी आत येऊ शकत नव्हतं. आणि समोर टेबलावर तो ड्राइव्ह पडलेला होता. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो मीच इतकी वर्षं बंद दारासारखा सांभाळला होता, आणि आता त्या दाराच्या आत आम्हीच होतो.

म्हात्रे माझ्यामागे येऊन उभा राहिला. "मॅडम, त्या वॉल्व्हला हाताचं चाक हाय ना?"

"आहे. पण ते खाली आहे, जॉइंटच्या शेजारीच. पाणी कमरेला येईल आता."

"मंग छातीला यायच्या आदी जातंय."

"म्हात्रे, तू बावन्न वर्षांचा आहेस," मी म्हणालो.

"आनि तुमी अठ्ठावन्नचे. गुडगा पन तुमचाच खराब." तो दोर आणायला गेला.

मी खिशातून पाकीट काढलं. सील फोडायला अंगठा लावला. नियम मला पाठ होता, तो मीच सगळ्यांना शिकवला होता. पण माणूस खाली जायला निघाला होता आणि माझ्या हातात अर्धा पासवर्ड होता.

"मॅडम, तुमचा अर्धा काढा."

"ठेवा ते आत, साहेब."

"माणूस जातोय खाली."

"मला दिसतंय." त्यांनी टेबलावरच्या ड्राइव्हकडे बोट केलं. "हा ड्राइव्ह परवा मुख्य कार्यालयातल्या मशीनला लावलेला होता. ती मशीन आज मेलेली आहेत. आपल्या या एका मशीनवर दोन पंप चालू आहेत. हे मशीन गेलं तर ते दोन्ही पंप थांबतील, आणि वॉल्व्ह तरीही बंद होणार नाही. मग बाळारामना खाली जावंच लागेल. तेही जास्त पाण्यात."

"आणि ड्राइव्ह स्वच्छ असला तर?"

"तर मी जन्मभर हेच आठवत बसेन. पण मला आत्ता माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी पाकीट खिशात ठेवलं.

म्हात्रे दोर कमरेला बांधत होता. त्याने आमचं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "साब, मी गेटवर असताना तुमी कवा बोललात का, म्हात्रे, याला सोड म्हनून? मंग आता कनाला सोडताय?"

पिटमधली वीज मॅडमनी बंद केली. हेल्मेटवर टॉर्च. दोराच्या खुणा ठरल्या: एक झटका म्हणजे ढील द्या, दोन म्हणजे ओढा. दोर मी कठड्याच्या खांबाला एक वेढा देऊन धरला, मॅडम माझ्यामागे. तो लोखंडी शिडीने उतरला. खाली पोचला तेव्हा पाणी त्याच्या पोटापर्यंत होतं.

चाक घट्ट होतं. बऱ्याच दिवसांत कुणी हाताने फिरवलं नव्हतं. त्याने पाना अडकवून पहिला फेरा काढला. मग चाक फिरायला लागलं. आम्हाला वरून फक्त हेल्मेटचा दिवा दिसत होता, खालीवर होणारा. पाण्याच्या आवाजात त्याचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. मॅडम माझ्या पाठीमागे पुटपुटत होत्या, काय ते मी विचारलं नाही.

आवाज बदलला. फवारा बसत आला. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात जॉइंटची फाटलेली पट्टी तुटून सुटली. वॉल्व्ह अजून थोडा उघडा होता. जेवढं पाणी आलं तेवढ्याने म्हात्रे पंपाच्या पायावर आदळला. दिवा पाण्याखाली गेला. आम्ही ओढायला लागलो आणि दोराला एक झटका आला.

एक म्हणजे ढील द्या.

मॅडम ओरडल्या, "ओढा!" मी ढील दिली. सॅपरने खुणेचा अर्थ चुकवला नसणार. दिवा पुन्हा वर आला, चाकापाशी. तीन-चार फेरे त्याने एका हाताने दिले. मग पाणी थांबलं. पिटमध्ये इतकी शांतता झाली की वरच्या दोन मोटरींचा आवाज नव्याने ऐकू आला.

दोन झटके आले. आम्ही ओढलं.

त्याला वर घ्यायला फार वेळ लागला. शिडीवर पाय टाकत होता, पण उजवा हात लोंबत होता आणि बरगड्यांची बाजू आत गेली होती. आम्ही त्याला कंट्रोल रूममध्ये आडवा केला, कोरडे कपडे घातले.

"बंद झाला ना नीट?"

"झाला," मॅडम म्हणाल्या. "पूर्ण बंद."

"मंग बरा."

मी वायरलेसवर गेलो. "ठाणे, नदी. एक कॅज्युअल्टी. छातीला मार. इव्हॅक्युएशन हवं. ओव्हर."

त्यांनी एका डॉक्टरांना सेटवर आणलं. डॉक्टर विचारत होते, मी सांगत होतो. श्वास कसा. ओठ कसे. पोट कडक आहे का. शेवटी ते म्हणाले, "याला हॉस्पिटलमध्ये आणावं लागेल." मी म्हणालो, "हो." 

बोट निघाली. मोहन्याच्या बाजूने पाण्याला इतका ओढा होता की अर्ध्यातून परतली. पुन्हा निघाली. पुन्हा परतली. दर वेळी ठाण्याचा ऑपरेटर सांगायचा, "स्टँड बाय," आणि मी म्हणायचो, "स्टँडिंग बाय." खिडकीतून पलीकडे गाव दिसत होतं. घरांच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. ती आम्हाला बघत असतील.

म्हात्रे शुद्धीवर होता. मॅडमनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याने विचारलं, "माझी बाईक गेली ना वाहून?" ती गेटजवळच्या झाडाखाली होती. आता झाडाचा शेंडाच दिसत होता.

"गेली," मी म्हणालो.

"पोरगा बोलला व्हता, पप्पा आज बाईक नेऊ नका. आता आयकवंल." मग म्हणाला, "साब, तुमाना रागवू नये कोनी वॉल्व्हवरून. चाकाला ग्रीस नवता. ता लिवा."

सहाच्या सुमारास तो गेला. उजेड होता अजून. मॅडमनी त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी सेटवर सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, "रॉजर." मग हळू आवाजात, "सॉरी, साहेब."

दोन्ही पंप चालू होते. त्यांच्याकडे बघायला हवं होतं, म्हणून मी खाली गेलो आणि रीडिंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. आम्ही तिघं एकाच बोटीतून बाहेर पडलो.

म्हात्रे गेला त्या संध्याकाळीही डोंबिवलीच्या नळांना पाणी आलेलं. माझ्या बायकोने पिंप भरून ठेवलं होतं. खात्याकडे तक्रारी आल्या होत्या, प्रेशर कमी होतं म्हणून.

शीळफाट्याजवळच्या स्मशानात आम्ही आसपासचे माजी सैनिक मेडल लावून उभे राहिलो. सरकारी मानवंदना नव्हती, कारण तो सेवेत नव्हता. आम्हीच सॅल्यूट केला. त्याचा मुलगा नितेश, टेम्पो चालवतो, सगळे गेल्यावर माझ्यासमोर आला. यादी बंद करता आली असती, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"एक बटन दाबायचं व्हता तुमाना," तो म्हणाला. "एक बटन."

 

चौकशी झाली. पेन ड्राइव्ह प्रयोगशाळेत गेला. काही महिन्यांनी रिपोर्ट आला. मुख्य कार्यालय ज्याने पाडलं तोच मालवेअर त्या ड्राइव्हवर होता, आणि सेटिंगच्या प्रोग्रामलाच चिकटलेला. तो चालवला असता तर आमचं मशीन लॉक झालं असतं. मॅडमनी रिपोर्ट वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि बाहेर गेल्या. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. मलाही वाटेल. तसं काही झालं नाही.

त्यांनी खात्याला एक गोष्ट करायला लावली. आणीबाणीत लागतील ते सगळे प्रोग्राम आधीच तपासून, मंजूर करून, प्रत्येक स्टेशनवरच्या यादीत टाकायचे. कंट्रोलर बदलला की त्याच दिवशी यादी बदलायची. यादी चांगल्या दिवसासाठी नसते, असं त्यांनी मोठ्या साहेबांसमोर सांगितलं. आणि प्रत्येक वॉल्व्हचं चाक दर महिन्याला हाताने फिरवून, ग्रीस लावून ठेवायचं. मी नोकरी सोडेपर्यंत आमच्या स्टेशनवर ते झालं.

रिपोर्टची प्रत घेऊन आम्ही दोघं म्हात्रेच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. नितेश दारात उभा होता. मॅडम त्याला समजावून सांगायला लागल्या, साध्या शब्दांत. त्याने ऐकून घेतलं. कागद हातात घेतला नाही.

"बरोबर असंल ता," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मना एकच सांगा. त्याना लय दुखलं का?"

त्याच्या आईने मान वर केली.

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हणालो, "हो. पहिला तासभर फार दुखलं. नंतर कमी झालं. शेवटी नाही."

नितेशने मान हलवली. आत गेला आणि आमच्यासाठी खुर्च्या घेऊन आला. तोपर्यंत आम्ही उभेच होतो.

सरकारी कागदावर तो कामावरचा अपघात आहे. कुठल्या स्मारकावर त्याचं नाव नाही आणि येणारही नाही. म्हणून मी इथे लिहितो.

हवालदार बाळाराम म्हात्रे, सॅपर. पाणी छातीला आलेलं असताना, एक हात मोडलेला असताना, त्याने आणखी ढील मागितली आणि वॉल्व्ह बंद केला.